एक टनातले उरले किती? पिकअपच्या निवडीचं एक प्रकरण

बोअरमधले पंप काढायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा सोडायचे, हा दोघा भावंडांचा धंदा. थोरला भाऊ साइटवर असतो. बहीण ऑर्डरी, हिशेब आणि गाडीचे कागद सांभाळते. जुनी पिकअप आता दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे आणि नवी घ्यायची आहे. चार गाड्यांपर्यंत निवड आली आणि तिथेच अडली.

भावंडं कल्पित आहेत. गाड्यांना अक्षरं दिली आहेत आणि त्यांचे आकडे एक टन वर्गातल्या पिकअपच्या पाटीवर सापडतात त्या बेताचे, हिशेबाला सोपे करून घेतले आहेत. जिथे खऱ्या गाडीचं नाव येईल तिथे सांगितलेली गोष्टही त्याच गाडीची आहे.

गाडी अ: डबल कॅब (सीटच्या दोन रांगा), फोर बाय फोर (चारही चाकांना ओढ), ऑटोमॅटिक, वरची ट्रिम, म्हणजे सजावट-सोयींची वरची पातळी. गाडी ब: त्याच कंपनीची तीच गाडी, पण दीड कॅबची (पुढच्या सीटमागे थोडीच जागा), साध्या ट्रिमची, मॅन्युअल आणि मागे नुसती चासी, हौदा आपला आपण बांधून घ्यायचा. गाडी क: दुसऱ्या कंपनीची सिंगल कॅब, पोलादी हौदा कंपनीचाच, तिन्ही बाजूंचे फाळके उघडणारे, फक्त मागच्या चाकांना ओढ. गाडी ड: कारच्या सांगाड्यावर बांधलेली छोटी हायब्रिड पिकअप.

ड पहिल्याच बैठकीत बाद झाली, आणि तिच्यावर अन्याय झाला असं वाटत नाही. या जातीची सगळ्यांना माहीत असलेली गाडी म्हणजे फोर्ड मॅव्हरिक. तिची भारक्षमता सुमारे ६८० किलो, हौदा जेमतेम १.४ मीटर. शहरात हत्यारं आणि किरकोळ सामान घेऊन फिरणाऱ्या इलेक्ट्रिशियनला मी तीच घे म्हणेन. पाइप वाहणाऱ्याचं तिच्यावर भागणार नाही.

दादाला अ हवी होती

त्याची कारणं लेचीपेची नव्हती. मागे बसायला नीट सीट, म्हणजे घरच्यांनाही गाडी चालेल. चिखलात फोर बाय फोर. साडेतीन टन ओढायची ताकद. शिवाय ऑटोमॅटिक, कारण दिवसभर चेनपुली ओढून आलेल्या हाताला संध्याकाळी गिअर नकोसा होतो. हे शेवटचं कारण लोक हसण्यावारी नेतात. मला ते चारही कारणांत सगळ्यात खरं वाटतं.

बहिणीचं म्हणणं वेगळंच होतं.

"दादा, ब्रोशर जरा बाजूला ठेव. गाडी सगळ्यात जास्त भरते त्या दिवशी तिच्यात काय काय असतं, तेवढं सांग."

"अगं, एवढं सामान काय रोज असतं?"

"रोज नसतं. पण ज्या दिवशी असतं त्या दिवशी तू दुसरी गाडी भाड्याने मागवतोस. त्याच्या पावत्या माझ्याकडे आहेत."

मग यादी झाली. दोन इंची जीआय पाइप, मध्यम जाडीचा, मीटरला साधारण ५ किलो. सहा मीटरची एक लांबी म्हणजे ३० किलो. असे वीस, म्हणजे ६०० किलो. पंप-मोटर ६०. जनरेटर ८५. तिपाई आणि चेनपुली ९५. पाने, क्लॅम्प, पेटी ९०. केबलचं ड्रम ७०. बरोबर १,००० किलो झाले. वर तीन माणसं, बूट-पिशव्यांसकट प्रत्येकी ८० धरली तर २४०.

वीसच्या वीस पाइप कशाला न्यायचे, दुकानदाराकडून थेट साइटवर का नाही मागवायचे, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण किती पाइप गंजलेले निघतील हे बोअर उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडलेल्या बोअरवर दुकानाच्या गाडीची वाट पाहत बसणं परवडत नाही. म्हणून साठा बरोबर घेऊनच जावं लागतं.

थोडक्यात, भरलेल्या दिवसाचा आकडा १,२४०. एरवी पाइप लागत नाहीत, आणि मग हौद्यात ४०० किलोच असतात.

पुस्तिकेतला आकडा आणि आपल्या हाती लागणारा आकडा

भारक्षमतेची व्याख्या एका ओळीची आहे: गाडीचं कमाल मान्य एकूण वजन वजा गाडीचं रिकामं वजन. घोळ सगळा 'रिकामं' या शब्दात आहे. युरोपच्या पद्धतीत रिकाम्या वजनात ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के इंधन धरलेलं असतं. अमेरिकेत टाकी भरलेली धरतात, चालक धरत नाहीत. ऑस्ट्रेलियात 'टेअर' म्हणून जो आकडा देतात त्यात फक्त १० लिटर इंधन असतं. ८० लिटर डिझेल म्हणजे ६५ ते ७० किलो, त्यामुळे एकाच गाडीची भारक्षमता तीन ठिकाणी तीन लिहिली जाऊ शकते आणि कुणीही खोटं बोललेलं नसतं.

या प्रकरणातही हेच होतं. अ च्या पुस्तिकेत चालक धरलेला नाही. क च्या पुस्तिकेत धरलेला आहे. बहिणीने दोन्ही एका रेघेवर आणल्या: टाकी भरलेली, माणूस कुणी नाही.

अ: एकूण मान्य वजन ३,१००, रिकामं २,१५०, भारक्षमता ९५०. दादाने शोरूममध्येच पुढचा बुल बार (५५ किलो), हौद्यावरचं टपाचं आवरण (६०) आणि ट्रेलर जोडायचा टो बार (३५) पसंत केले होते. हे १५० किलो विक्रेत्याने कुठे वजा करून दाखवले नव्हते, तो दाखवणारही नाही. उरले ८००. तीन माणसं बसली, उरले ५६०. एक टन वर्गाची गाडी म्हणून जिच्याकडे पाहिलं, ती मालासाठी निम्म्यावर आली.

ब: मान्य वजन तेच ३,१००, पण रिकामी चासी १,८००. पुस्तिकेत भारक्षमता १,३००! मात्र हौद्याशिवाय. पोलादी हौदा आणि पाइप ठेवायची घोडी मिळून १९० किलो, अ‍ॅल्युमिनियमची घेतली तर १२०. माणसं वजा केल्यावर पोलादी हौद्यात ८७०, अ‍ॅल्युमिनियममध्ये ९४०. हवे आहेत १,०००. थोडक्यात हुकली.

क: मान्य वजन ३,०००, रिकामं १,६००, हौद्यासकट. पुस्तिकेत १,३२५ लिहिलंय कारण चालक आधीच वजा आहे; एका रेघेवर आणलं की १,४००. घोडी ६० किलो, माणसं २४०, उरले १,१००. भरलेल्या दिवसाला १०० किलो शिल्लक.

अ आणि ब एकाच कारखान्यातल्या, एकाच नावाच्या गाड्या आहेत. त्यांच्यातलं अंतर ब आणि क या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांमधल्या अंतराहून मोठं आहे. पिकअप घेणारे महिनोन् महिने कंपनीच्या नावावर वाद घालतात आणि कॅब, ट्रिम, हौदा हे रंगासारखं शेवटी ठरवतात. वास्तविक नावांचं म्हणाल तर फोर्ड रेंजर आणि दुसऱ्या पिढीची फोक्सवॅगन अमारोक एकाच पायावर उभ्या आहेत. माझदाची आताची बीटी-५० ही तर इसुझू डी-मॅक्सवरच बेतलेली आहे. उलट एकट्या रेंजरच्या घरात पाहा: नेहमीची रेंजर साडेतीन टन ओढते, रॅप्टर अडीच टन. रॅप्टर महाग, रुबाबदार, जास्त ताकदीची. पण तिचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंगा) काढून कॉइल स्प्रिंगा घातल्या आहेत, वाळूत उड्या मारण्यासाठी. ओझ्याची किंमत देऊन ती मऊ झाली आहे.

दादाने इथे विचारलं, की कॉइल स्प्रिंग वाईट का? वाईट नाही. निसानने २०१४ नंतरच्या नवारा डबल कॅबला मागे कॉइल स्प्रिंगा दिल्या, गाडी रिकामी असताना छान चालायची. ओझ्याखाली ती मागे बसते अशा तक्रारी आल्यावर ऑस्ट्रेलियात कंपनीला स्प्रिंगांची जुळणी पुन्हा करावी लागली. पाट्यांची गाडी रिकामी असताना खड्ड्यातून उडते, चारशे किलो टाकले की शांत होते. म्हणून या वर्गाची गाडी रिकामी चालवून पाहिली तर तुलना उलटी येते. चाचणीला जाताना आपलं चारशे किलो सामान बरोबर न्यावं. विक्रेता कुरकुर करेल, करू दे.

सहा मीटरचा पाइप

वजन बसलं म्हणजे माल बसला असं नाही. हा भाग कागदावर आकृती काढूनच सुटतो. बहिणीने ती वहीच्या मागच्या पानावर काढली.

तिन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर ३.१ मीटर धरू. हौद्याची मागची कड मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे. पाइप हौद्याबाहेर एक मीटरपर्यंतच काढायचा, त्याहून जास्त काढणं धोक्याचं आणि बऱ्याच ठिकाणी बेकायदा. म्हणजे पाइपचं मागचं टोक अ‍ॅक्सलच्या २.२ मीटर मागे. सहा मीटरच्या पाइपचा मध्य त्या टोकापासून तीन मीटर पुढे, म्हणजे अ‍ॅक्सलच्या ०.८ मीटर पुढे. पाइपचा तोल या बिंदूवर आहे.

आता हौदा कुठून सुरू होतो ते पाहा. अ चा हौदा १.५ मीटर, तो अ‍ॅक्सलच्या फक्त ०.३ मीटर पुढून सुरू होतो. तोलाचा बिंदू त्याच्याही अर्धा मीटर पुढे, थेट मागच्या सीटवर. पाइप हौद्याच्या घोडीवर ठेवले की पुढे कलंडून कॅबच्या टपावर टेकणार, आणि टपावरच्या कॅरियरला चालत्या गाडीत साधारण ७५ ते १०० किलो मान्य असतात. सहाशे किलोचा विचारच नको.

ब चा हौदा १.८ मीटर, ०.६ मीटर पुढून सुरू. तोल अजूनही वीस सेंटिमीटर बाहेर. वजनात थोडक्यात हुकलेली गाडी लांबीतही थोडक्यात हुकली.

क चा हौदा २.४ मीटर, १.२ मीटर पुढून सुरू. तोल आत आला. पाइपचं पुढचं टोक बॉनेटवर राहतं, नाकाच्या पुढे जात नाही. पाइपांच्या ६०० किलोंपैकी १५५ पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि ४४५ मागच्या. फार सुंदर वाटणी आहे ही.

पण याच आकृतीत एक वाईट बातमी होती. पाइप दोन जागी टेकतात: कॅबच्या मागची घोडी आणि हौद्याच्या शेपटाची घोडी. तोल पुढच्या घोडीच्या जवळ असल्यामुळे ६०० पैकी ५०० किलो तिच्या एकटीवर येतात. खड्ड्यात आदळलं की क्षणभर याहून कितीतरी जास्त. हौद्याच्या पत्र्याला वेल्ड केलेली घोडी हे सोसणार नाही. ती खाली चासीपर्यंत बोल्ट करावी लागेल.

आणि उंचीचं काय? सहाशे किलो जमिनीपासून पावणेदोन-दोन मीटरवर. स्वीडनच्या तेक्निकेन्स वार्ल्ड या नियतकालिकाने २०१६ मध्ये टोयोटा हायलक्सला अचानक वळण घेण्याच्या चाचणीत घातलं तेव्हा ती एका बाजूच्या दोन चाकांवर उभी राहिली होती. हायलक्स म्हणजे जगभर भरवशाचं नाव, आणि त्या चाचणीत ओझं काही टपावर नव्हतं. सहाशे किलो डोक्यावर घेतलेली सिंगल कॅब अचानक आडव्या आलेल्या जनावराला चुकवायला वळली, तर काय होईल हे आकृती न काढताही कळतं.

दादाचा डाव: ट्रेलर

इथे दादाची बाजू खरोखर भारी पडते. त्याचं म्हणणं, पाइप गाडीवर घ्यायचेच कशाला? अ ला मागे सहा मीटरचा ट्रेलर लावू. पाइप गुडघ्याच्या उंचीवर राहतील.

हिशेब असा. ट्रेलर ३५० किलो, पाइप ६००, एकूण ९५०. यातला साधारण दहावा भाग, ९५ किलो, टो बारच्या गोळ्यावर येतो आणि तो गाडीच्या भारक्षमतेतून जातो. अ मध्ये ५६० उरले होते, आता ४६५. हौद्यात टाकायचं बाकीचं सामान ४००. बसलं, ६५ किलो राखून.

अ‍ॅक्सलवरही पाहून घेऊ. गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे आहे, त्यामुळे तिथले ९५ किलो मागच्या अ‍ॅक्सलला १३२ वाटतात आणि पुढचा अ‍ॅक्सल ३७ किलोंनी हलका होतो. तरफ आहे ती. डबल कॅबचा हौदाही बहुतांश अ‍ॅक्सलच्या मागे लटकलेला, म्हणून त्यातल्या ४०० किलोंचे मागच्या अ‍ॅक्सलवर साधारण ४६० होतात. मर्यादेत आहे, पण पुढची चाकं हलकी झाली की ओल्या उतारावर स्टिअरिंग सैल लागतं, हे ट्रेलर ओढणाऱ्या कुणालाही विचारा.

जाता जाता साडेतीन टनांबद्दल. गाडी आणि ट्रेलर मिळून एक कमाल वजन ठरलेलं असतं. अ साठी ते ५,८५०. गाडी स्वतःच ३,१०० पर्यंत भरली की ट्रेलरला उरतात २,७५०. साडेतीन टन ओढायचे तर गाडी जवळजवळ रिकामी हवी. भावंडांना एवढं ओढायचंच नाही, म्हणून हा मुद्दा इथे गौण. पण ज्याला ओढायचं आहे त्याने पुस्तिकेत हा एकत्रित आकडा आधी शोधावा. तो बहुधा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असतो.

मग ट्रेलर का नाही? बहिणीने विचारलं: शेतातल्या बोळात सहा मीटरचा ट्रेलर मागे कोण घेणार? दादा म्हणाला, मी. आणि तू आजारी असशील तेव्हा? यावर तो गप्प झाला. ट्रेलर मागे घेणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि त्यांच्याकडे कामाला असलेल्या दोन्ही मुलांना ते येत नाही. दुसरं, ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला बऱ्याच देशांत स्वतःचे ब्रेक लागतात. म्हणजे आणखी एक वस्तू सांभाळायची, तपासायची, नोंदवायची. तिसरं, ट्रेलर एरवी कुठे उभा करायचा.

माझं मत विचाराल तर पहिलं कारण पुरेसं आहे. जी गाडी एकाच माणसाला हाकता येते ती धंद्याची गाडी नव्हे.

मालच बदलला तर

तोडगा शेवटी गाड्यांच्या तुलनेतून निघालाच नाही. बहिणीने विचारलं, पाइप सहा मीटरचेच का?

दादाचं उत्तर तयार होतं: तीन मीटरचे घेतले तर जोड दुप्पट. दुप्पट सॉकेट, दुप्पट आटे, वर काढताना दुप्पट वेळ, आणि गळती झाली तर ती जोडातच होते. हे सगळं खरं आहे. पण सहा मीटरचा पाइप काढायला तिपाई त्याहून उंच लागते, तीन मीटरला बुटकी चालते. शिवाय तीन मीटरचा पाइप क च्या हौद्यात, फाळका पाडून, जमिनीला धरून आडवा राहतो. मागे जेमतेम ६० सेंटिमीटर बाहेर.

दोघांनी मधला मार्ग काढला. दहा पाइप सहा मीटरचे, घोडीवर. वीस पाइप तीन मीटरचे, खाली. वजन तेच ६००, पण डोक्यावरचं ओझं निम्मं झालं आणि पुढच्या घोडीवर ५०० ऐवजी २५० किलो आले. खोलीप्रमाणे दोन्ही मिसळून वापरायचे. गंजून निघालेले लांब पाइप भंगारातच जायचे असतात, ते साइटवरच कापून खाली टाकता येतात.

ही सोय अ किंवा ब मध्ये होत नाही. ब च्या आखूड हौद्यातून तीन मीटरचा पाइप १.२ मीटर बाहेर लोंबकळतो आणि सगळा भार शेपटाकडे जातो.

फोर बाय फोरचा वाद

क चं फोर बाय फोर रूपही मिळतं, ११० किलोंनी जड. शिल्लक होते १००. म्हणजे भरलेल्या दिवशी दहा किलो जास्त, एक पाइप घरी ठेवावा लागेल. एक पाइप काही फार नाही, दादा म्हणाला. त्याचंही खरं आहे.

मागच्या चाकांची ओढ असलेली गाडी चिखलात अडकते ती रिकामी असताना. ओझं मागच्या अ‍ॅक्सलवर असलं की चाकं जमीन धरतात. या धंद्यात गाडी भरून जाते आणि काढलेलं सामान घेऊन भरूनच येते. जनरेटर, तिपाई, पेटी तर कायमच आत. त्यात मागच्या डिफरन्शियलला लॉक मिळत असेल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ओढ राहील, तर नव्वद टक्के अडचणी तिथेच सुटतात असं माझं मत. हा आकडा मोजून काढलेला नाही, अंदाज आहे. ओल्या चिकणमातीच्या चढावर मात्र लॉकने भागत नाही, तिथे पुढची चाकंही ओढावी लागतात. शिवाय साध्या पार्ट-टाइम (गरजेपुरती लावायच्या) फोर बाय फोरमध्ये मधलं डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग, नसतं, त्यामुळे कोरड्या डांबरावर ती ओढ लावून चालवू नये. मित्सुबिशीच्या ट्रायटनसारख्या काहींच्या 'सुपर सिलेक्ट' पद्धतीत ते असतं. एवढं समजून घेतल्याशिवाय फोर बाय फोरचे पैसे मोजू नयेत.

लॉकवाली दोन चाकांच्या ओढीची क घ्यायचं ठरलं. दादा पूर्ण राजी नव्हता, आणि पहिल्या पावसात तो हे बोलून दाखवेल.

उरलेलं, भराभर

अश्वशक्तीवर फार वेळ गेला नाही. ज्यांना आकड्यांचा नाद आहे त्यांच्यासाठी: २०२० नंतरच्या हायलक्सचं २.८ लिटर इंजिन ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं, मॅन्युअलला ४२०. ओझ्यासकट चढावर निघताना पहिल्या गिअरचं प्रमाण आणि क्लच जास्त बोलतात.

डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, याकडे मात्र लक्ष द्यायला हवं होतं आणि ते दिलं गेलं. हा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी इंजिन बराच वेळ तापून चालावं लागतं. भावंडांच्या फेऱ्या छोट्या, साइटवर इंजिन नुसतं गुरगुरत ठेवायची सवय. फिल्टर चोंदायला याहून चांगली परिस्थिती नाही. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळात विकल्या गेलेल्या टोयोटाच्या काही डिझेल गाड्यांच्या याच फिल्टरवरून सामूहिक दावा झाला आणि २०२२ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने गाड्या सदोष ठरवल्या. म्हणून क मध्ये फिल्टर हाताने साफ करायला लावायचं बटण आहे का, हे विचारून घेतलं. आहे. आठवड्यातून एकदा लांबची फेरी त्याच गाडीने करायची, हेही ठरलं.

सुरक्षेचे तारे पाहताना बहिणीच्या लक्षात आलं की चाचणी बहुतेक वेळा डबल कॅबची होते. तेच तारे सिंगल कॅबला लागू आहेत का, पडद्यासारख्या एअरबॅग तिच्यात आहेत का, हे वेगळं विचारावं लागतं. क मध्ये मधल्या माणसाला साधाच, फक्त कमरेचा पट्टा आहे. हे दोघांनाही आवडलं नाही, आणि त्यावर इलाज नाही.

टायरवर शेवटचा भार-क्रमांक पाहायचा: ११६ म्हणजे एका टायरला १,२५० किलो, ११० म्हणजे १,०६०. नव्या गाडीवर ते बरोबरच असतात. गडबड पहिल्यांदा टायर बदलताना होते.

ताबा घेताना

गाडी घरी न नेता आधी वजनकाट्यावर न्यायची, हे बहिणीने विक्रेत्याला बुकिंगच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. टाकी भरून, घोडी बसवून, आत कुणी न बसता. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. हिशेबाप्रमाणे १,६६० यायला हवे होते. काट्याने १,६९० दाखवले. घोडी बांधणाऱ्याने सांगितल्यापेक्षा जाड चॅनेल वापरला होता. पाइपांच्या ओझ्याचा विचार करता त्याला बोलायला तोंड नव्हतं.

शंभरची शिल्लक सत्तर झाली. दादाच्या मनात अजून बुल बार आणि टो बार दोन्ही होते, मिळून ९०. दोन्ही बसत नव्हते. त्याने टो बार घेतला.